अरे ऊठ रे मेल्या!

उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या माणसांइतकी तिरसट जमात जगात दुसरी नसेल, आणि सुईताईचं अर्धं आयुष्य त्या जमातीच्या सेवेत गेलं होतं. लॅबमध्ये तिला खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. ती सुईताई. तिचा हात हलका होता, जीभ मात्र तशी नव्हती. दंडाला पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, "मूठ आवळा" म्हणायचं, आणि समोरचा घाबरायच्या आत नळी भरून मोकळं व्हायचं.

त्या सकाळी खुर्चीत एक तरणाबांड पोरगा येऊन बसला. तिनं पट्टा बांधला.

"मूठ आवळ. घट्ट. अरे, घट्ट म्हणजे घट्ट! झोपलास काय?"

पोरगा तिच्याकडे डोळे फाडून बघायला लागला.

"काकू, परत बोला ना."

"काय बोलू?"

"काहीही. तुम्ही त्या गेम खेळणाऱ्या वाघोबाच्या आई ना? आवाजच सांगतो!" आणि बाहेर बाकावर बसलेल्या मित्राला त्यानं ओरडून सांगितलं, "अरे, आत ये! मेल्यावाल्या काकू इथं आहेत!"

मित्र आला. आला तो हसतच आला, आणि दारातूनच बायकी आवाज काढून ओरडला, "अरे ऊठ रे मेल्या! किती हाका मारू?"

रांगेतली दोन-चार माणसं खुदकन हसली. उपाशी माणसं हसली म्हणजे बघा. पोरानं मोकळ्या हातानं फोन काढून तिच्यासमोर धरला. फोनवर कुठल्याशा खेळातला चिलखत घातलेला योद्धा चिखलात तोंडावर पडत होता, आणि तो पडला रे पडला की मागून आवाज येत होता: "अरे ऊठ रे मेल्या! किती हाका मारू?" त्यावर ढोलाचा एक ठोका आणि खूप माणसांचं खदाखदा हसू. आवाज तिचाच होता. आपला आवाज दुसऱ्याच्या खिशातून निघताना ऐकणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग हातात उतरू द्यायचा नाही, एवढं त्या कामानं तिला शिकवलं होतं. "हात सरळ," ती म्हणाली, आणि पहिल्याच टोचणीत शीर धरली.

पोरं गेल्यावर काउंटरवाली हळूच म्हणाली, "ताई, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. आमच्याकडे तर भावंडं एकमेकांना सकाळी तेच म्हणून उठवतात."

"मला कसं ठाऊक असणार? मी फक्त त्याची आई आहे."

*

घरात माणसं तीन. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. उरले होते ती, तिचा लेक आणि सासरे, म्हणजे आप्पा. आप्पा पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. बाथरूममध्ये पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून पलंग आणि चार पायांचा वॉकर हेच त्यांचं राज्य. ती आत आली तेव्हा ते खिडकीतून खालचा रस्ता बघत होते.

"आलीस? हळू बोल हं. पोरगा दार लावून काम करतोय."

"करतोय ना. चांगलंच काम करतोय."

तिच्या आवाजातली धार आप्पांना कळली नाही. नातवाचं त्यांना भारी कौतुक. भेटायला येईल त्याला ते सांगत, "त्या दिवशी पोरगा घरी असता तर मी पडलोच नसतो. एका हातानं झेललं असतं त्यानं." हे ऐकताना ती दर वेळी दुसरीकडे बघे. कारण पोरगा घरीच होता. बाथरूमला लागून असलेल्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून खेळत होता. ती ओल्या फरशीवर बसून आप्पांना काखेत धरून ओरडत राहिली, सोडावं तर त्यांचं डोकं आपटेल, धरावं तर उचलवत नाही. तो आला तेव्हा त्याचा डाव संपला होता. नंतर आप्पांनी विचारलं, तेव्हा तिनं सांगून टाकलं, तो बाहेर गेला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि हेडफोनमुळे ऐकू आलं नाही, यात पोराचा तरी काय दोष, अशी तिनं स्वतःचीही समजूत काढली होती.

तिनं लेकाच्या खोलीचं दार ढकललं. दोन पडदे, एक माइक, आणि विमानात शोभेल अशी खुर्ची. लेक एका पडद्यावर चित्रफितीच्या पट्ट्या मागेपुढे सरकवत होता. वर चित्राची पट्टी, खाली आवाजाची, डोंगरदऱ्यांसारखी वरखाली होणारी.

"मेल्यावाल्या काकू म्हणजे कोण रे?"

तो गर्रकन फिरला, आणि चक्क आनंदानं उजळला. "तुला कळलं? आई, अगं, तू फेमस आहेस! माझ्यापेक्षा लोक तुलाच बघायला येतात. म्हणजे, ऐकायला."

"काढून टाक."

"काय?"

"आत्ताच्या आत्ता. रक्त काढताना लोक माझ्या तोंडावर हसतात."

"कसं काढू? ते आता हजार ठिकाणी गेलंय. आणि चॅनेल त्याच्यावर तर उभं आहे! बघ ना, लाइव्ह खेळताना बघणाऱ्यांना मी बटणच दिलंय. त्यांनी पॉइंट जमवले की ते दाबतात, आणि तुझा आवाज वाजतो. मी मेलो की सगळे दाबतात." त्यानं दाबून दाखवलं. 'अरे ऊठ रे मेल्या! किती हाका मारू?'

खोलीत शांतता होती आणि स्पीकर मोठा होता. लॅबमध्ये जे ऐकू आलं नव्हतं ते इथं आलं. तिच्या ओरडण्यामागे पाणी पडत होतं. बादली भरून वाहत होती.

"हे कधीचं?"

"असंच. तू तर रोजच ओरडतेस."

"रोज ओरडते ते स्वयंपाकघरातून. ही बाथरूम आहे. मूळचं लाव."

"मूळचं नाहीये आता."

"तू जुनं काही टाकून देतोस? शाळेतल्या तुटक्या पट्ट्या अजून ठेवल्यात तू. लाव."

त्यानं लावलं. पडद्यावर योद्धा नदी ओलांडत होता, लेक माइकवर कसलीशी मजा सांगत होता, आणि भिंतीपलीकडून बारीक, पण अगदी स्वच्छ, तिचा आवाज आला. "अरे ऊठ रे मेल्या! आप्पा पडलेत! मला उचलवत नाहीत! किती हाका मारू?" आणि तिच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज, आप्पांचा. शब्द नव्हते, नुसतं कण्हणं. योद्धा तेव्हा मेलेलाही नव्हता. तो मस्त पुलावरून चालला होता.

लेकानं थांबवलं. "आई, मला खरंच ऐकू आलं नव्हतं. शपथ."

"माहीत आहे. खेळताना ऐकलं नाहीस, ते मी कधीच सोडून दिलं. कापताना?"

त्यानं माउसवरचा हात काढून घेतला.

"मला यातलं काही कळत नाही. पण आत्ता तू बसला होतास तसाच बसून कापलंस ना? मागे, पुढे, परत मागे. किती वेळा ऐकलं असशील मला? 'आप्पा पडलेत' कुठं सुरू होतं, कुठं संपतं, ते बघितल्याशिवाय मधलं नेमकं उडालं कसं? आणि ते कुठं चिकटवायचं, तेही शोधलंस. खेळातलं बुजगावणं पडेल तिथं! तेव्हा आप्पा कुठं होते?"

"हॉस्पिटलमध्ये," तो पुटपुटला.

"आणि मी?"

"तूपण तिथंच."

"आणि तू घरी बसून ढोल कुठं वाजवायचा ते ठरवत होतास."

"तेव्हा ऐकून काय उपयोग होता?" त्याचाही आवाज चढला. "जे व्हायचं ते झालं होतं! मला कसंतरीच झालं ऐकून. मग वाटलं, तेवढं काढून टाकलं की बाकीचं... गमतीचं आहे. कोणाला काय कळणार? त्रास कुणाला झाला?"

"वा रे शहाण्या! चोर तो चोर, वर शिरजोर!"

"हळू! आप्पा ऐकतील." त्यानं घड्याळाकडे बघितलं. "आई, माझं लाइव्ह सुरू होतंय. उद्या बोलू. प्लीज."

आणि हेडफोन चढवून तो पडद्याकडे वळलासुद्धा.

*

ती स्वयंपाकघरात गेली. आप्पांच्या चहाचं आधण ठेवलं. त्यात साखर दोनदा पडली. भिंतीपलीकडून लेकाचा तो दुसरा आवाज सुरू झाला, चॅनेलवरचा, तुपात घोळलेला.

"नमस्कार मंडळी, वाघोबा हजर आहे! आज काय झालंय माहितीये? तुमच्या लाडक्या मेल्यावाल्या काकूंनी आत्ता मला असं झापलंय, असं झापलंय! अख्खा किस्सा सांगतो, थांबा."

घरात उंदीर आणि तिथं वाघोबा. तिनं गॅस बंद केला.

दार उघडून ती सरळ खुर्चीमागे गेली आणि त्याच्या डोक्यावरचे हेडफोन ओढून काढले. वायर निघाली आणि इतका वेळ त्याच्या एकट्याच्या कानात चाललेला गोंगाट स्पीकरमधून खोलीभर झाला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात तिला तिचाच चेहरा दिसला, विस्कटलेला, लॅबच्या पांढऱ्या कोटातला. कोट उतरवायचा राहूनच गेला होता.

"मीच ती," ती माइककडे वाकून म्हणाली. "आई आहे याची. तुम्ही जे ऐकून हसता ना, ते..."

'अरे ऊठ रे मेल्या! किती हाका मारू?'

तिचाच आवाज तिच्या अंगावर आला. पडद्याच्या कडेनं बघणाऱ्यांनी लिहिलेल्या ओळी धावायला लागल्या. काकू आल्या! खऱ्या काकू! दाबा रे, दाबा!

"ऐका माझं. त्या दिवशी माझे सासरे पडले होते. मी ओरडत होते, ते..."

'अरे ऊठ रे मेल्या! किती हाका मारू?' ढोल. हसू. 'अरे ऊठ रे मेल्या!' आधीचं संपायच्या आत पुढचं. काय ॲक्टिंग आहे! लिहून दिलंय वाटतं! काकू, डोळे वटारा ना!

"मेल्यांनो, माणूस पडलं होतं घरात!"

यावर तर ओळींना पूरच आला. काकूंनी आम्हालाही मेल्या म्हटलं! आता ती ओरडत होती आणि तिचाच आवाज तिच्यावर ओरडत होता, आणि दोन्हींत मोठा स्पीकरमधलाच होता.

लेक उठून उभा राहिला. हसू चेहऱ्यावरून गेलं होतं. "थांबा रे, ती खरं सांगतेय," तो म्हणाला. "दाबू नका. गंमत नाहीये ही, खरंच." वाघोबापण कमाल करतो राव! 'अरे ऊठ रे मेल्या!' "अरे, मी सांगतोय ना! थांबा!" 'किती हाका मारू?' तो बटण बंद करायला माउस शोधायला लागला, पण माउस हेडफोनच्या वायरीत अडकून टेबलाखाली लोंबत होता.

त्या गदारोळात खटखट कोणालाच ऐकू आली नाही.

दारात आप्पा उभे होते. अनवाणी. दोन्ही हातांनी वॉकर धरलेला, कपाळावर घाम, आणि लेंगा एका बाजूनं घसरलेला. डॉक्टरांनी एकट्यानं उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. पुढची खोली, मधला बोळ, बोळातला उंबरठा, सगळं ओलांडून आले होते.

"काय झालं गं पोरी?" ते धापा टाकत म्हणाले. "कोण पडलं? मघापासून हाका मारतेयस. जमेल तेवढ्या लवकर आलो."

'अरे ऊठ रे मेल्या! किती हाका मारू?' स्पीकर म्हणाला. आप्पांनी गोंधळून तिच्या तोंडाकडे बघितलं. तोंड तर मिटलेलं होतं.

अजून एक कॅरेक्टर आलं! पडद्यावर ओळी धावत होत्या. आजोबांचं पण बटण बनव!

तिनं धावत जाऊन आप्पांना काखेत धरलं. लेकानं एका झटक्यात भिंतीतली पिनच उपटली. दोन्ही पडदे काळे झाले. मग त्यानं खुर्ची पुढं सरकवली, दोघांनी मिळून आप्पांना तीत बसवलं. तो खाली गुडघ्यांवर बसून त्यांच्या पायांना हात लावून बघायला लागला, कुठं लागलं का, दुखतंय का.

"मला काही झालं नाही रे," आप्पा त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले. "तू घरी होतास, मग ही हाका कशाला मारत होती? आणि मला सारखं वाटतंय, ही हाक मी आधी ऐकलीय."

लेकानं तिच्याकडे बघितलं. लहानपणी काच फुटली की बघायचा, तसंच. तिनं सांभाळून घ्यावं, काहीतरी सांगून टाकावं. तिला ते बघणं चांगलं ओळखीचं होतं, आणि आजवर प्रत्येक वेळी तिनं सांगूनही टाकलं होतं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "त्यांनी तुला विचारलंय."

"आप्पा," तो म्हणाला, आणि थांबला. "त्या दिवशी... म्हणजे, हे काय आहे, की मी खेळतो ना, ते रेकॉर्ड होतं, आणि..."

"तिथून नाही." तिनं आप्पांच्या पाठीमागे उभं राहून खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "बाथरूमपासून सांग. मधलं काही कापू नकोस."