नीलकंठमामांचा इफर्व्हेसंट सोडा

ओट्यावर सोड्याच्या बाटल्या सहा, आवळा सरबताची बरणी एक, लिंबं नऊ, पातेलं एक आणि इंग्रजी शब्दकोश एक. सरबताला शब्दकोश लागतो, हे रसायनशास्त्राच्या पदवीत मला कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात सरबत कुणी पुरवायचं, ते आज ठरणार होतं. निवृत्तीनंतरचा नीलकंठमामांचा हा पहिलाच धंदा. ऑर्डर हुकली तर ती इलाइट चौराह्यावरच्या दुकानाला जाणार, आणि मामा पुन्हा दिवसभर घरी बसून मामीला स्वयंपाक शिकवणार. म्हणून त्यांनी लेबलवर ‘इफर्व्हेसंट’ छापून घेतलं. अर्थ नंतर बघितला. आमचं घराणं पुरोहितांचं. शब्दाचा धातू सापडला की वस्तू समजली, अशी आमच्याकडे पिढीजात खात्री असते.

“लॅटिन आहे,” मामा म्हणाले. “एक्स म्हणजे बाहेर, फर्व्हेरे म्हणजे उकळणं. उकळून वर येतं ते!” आणि त्यांनी गॅस पेटवला.

“अहो मामा, त्याचा अर्थ फसफसणारं. बुडबुडे दिसले म्हणून रोमन लोकांनी त्याला उकळणं म्हटलं. हात घालून कुणी बघितलं नसेल. सोड्यात वायू विरघळलेला असतो, तापवलात की उडून जाईल.”

“क्षमा, तुझी पदवी कधीची?”

“गेल्या वर्षीची.”

“आणि लॅटिन?”

दोन हजार वर्षांपुढे माझं काय चालणार? आवळा सरबत आणि लिंबाच्या रसासकट सहाही बाटल्या पातेल्यात गेल्या. फेस उसळला. “बघ, धातू खोटं बोलत नाही!” थोड्या वेळाने सगळं निपचित झालं. “आता मुरला,” मामा म्हणाले.

मंडळाचे सचिव मंदार चव बघायला आले. फुंकर मारून त्यांनी एक घोट घेतला.

“काका, ये तो काढ़ा है! मला खोकला नाही हो.”

“इफर्व्हेसंट आहे. लॅटिनमध्ये.”

“मग गणपतीत लॅटिनवाल्यांना बोलवू या का?” ते माझ्याकडे वळले. “क्षमाजी, तुम्ही सायन्सवाल्या. यात बुडबुडे निघतात का, तुम्हीच बघून सांगा. निघाले तर ऑर्डर काकांची, नाहीतर चौराह्यावाल्याची.”

मामांनी मान डोलावली. मी पेला उजेडात धरला, थर्मामीटर बुडवला आणि घड्याळ लावलं.

तापमान एकाहत्तर अंश सेल्सिअस. एका मिनिटात वर आलेले बुडबुडे, शून्य.