काळ्या डांबराखाली

ओरिनबाय गाडीखाली शिरला तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. कोस्कुदुक गावातली निम्मी माणसं अराल गावातल्या एका लग्नाला निघून गेली होती. तो मागे राहिला, कारण बायको कामशातचा गुडघा सुजला होता, आणि खरं सांगायचं तर लग्नातलं नाचगाणं त्याला फारसं मानवत नसे. घरात शांतता आहे तर गाडीचं पोट जरा बघून घ्यावं, एवढाच त्याचा विचार.

गाडी पस्तीस वर्षांची. आकार पावासारखा, म्हणून गावात त्या बनावटीच्या सगळ्या गाड्यांना पावच म्हणत. आटलेल्या समुद्राच्या तळावर वसलेल्या गावात दुसरी कुठली गाडी टिकायचीही नाही. पण तिथलं मीठ कुणालाच सोडत नाही. वाऱ्याबरोबर उडतं, वितळलेल्या बर्फाबरोबर चिखलात कालवतं आणि चासीच्या फटीफटीत जाऊन बसतं. ओरिनबाय वेल्डर. गेली वीस वर्षं गावातल्या सगळ्या पावांची पोटं तोच शिवत आला होता.

गेल्या शरद ऋतूत त्याने आपल्या गाडीला खालून डांबराचा जाड थर दिला होता. आता एका कडेला तो थर फुगलेला दिसला. त्याने खरवडणी घातली आणि जरा उचकटली. डांबराचा तळहाताएवढा तुकडा सुटून त्याच्या छातीवर पडला. ओरिनबायने तो उलटून पाहिला. आतल्या बाजूला लोखंड चिकटून आलं होतं. लोखंड म्हणजे लालसर पापुद्रे, ओलसर, बिस्किटासारखे. वर चासीत जिथून तो तुकडा निघाला होता तिथे भोक पडलं होतं. त्याने बोट घातलं. दोन पेरं आत गेलं.

तो तसाच पडून राहिला. स्वतःच्या गाडीचं त्याला काही वाटलं नाही. त्याला बाल्झानची गाडी आठवली.

त्याच आठवड्यात, त्याच बादलीतलं डांबर त्याने बाल्झानच्या गाडीलाही लावलं होतं. बाल्झान त्याच्या मेलेल्या मित्राची मुलगी, छत्तीस वर्षांची. त्याला ती आगा म्हणायची, म्हणजे काका. नवरा रेल्वेच्या कामावर लांब, म्हणून गावातल्या माणसांची ने-आण तीच करायची. तेव्हा गावात चार दिवस वीज नव्हती, वेल्डिंग होणार नव्हतं, आणि तिला शनिवारी गाडी हवी होती. नियमाने आधी गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईतो घासायचा, मीठ गोड्या पाण्याने धुवायचं, चासी दोन दिवस सुकू द्यायची, कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, लाल ऑक्साइड मारायचं आणि मगच डांबर. हे त्याला झोपेतही पाठ होतं. त्याने यातलं फक्त शेवटचं केलं. ओल्या गंजावर डांबर म्हणजे मीठ आत कोंडून वर झाकण घालणं, हेही त्याला माहीत होतं. वसंतात नीट करू, असं त्याने स्वतःला बजावलं.

आणखी एक गोष्ट होती. ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती. थर देण्याआधी तो हातोडीने चासी ठोकत गेला होता. सगळीकडे खणखणीत वाजलं. पण चाकाचा भार झेलणाऱ्या पुढच्या उजव्या कमानपाट्याचं टोक जिथे चासीला अडकवलेलं असतं, तिथे आवाज बद्द आला. त्याने पुन्हा ठोकलं नाही.

आज बाल्झान पाच बायकांना घेऊन लग्नाला गेली होती. अर्धा तास झाला होता.

तो सरपटत बाहेर आला. कामशात उंबऱ्यावर पाय लांब करून बसली होती. त्याचा चेहरा बघून तिने विचारलं, "काय हो, विंचू चावला का?"

त्याने सांगितलं, सगळं. बद्द वाजलेलंही. बोलताना हातातला डांबराचा तुकडा त्याने खाली ठेवला नाही.

कामशातने त्या तुकड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "फोन लावा."

"पाण्याची टाकी ओलांडली की रेंज नाही. एकदम डांबरी रस्त्यालाच येते."

"मग इथं कशाला बसलाय?"

"माझी गाडी तसलीच आहे, कामशात. भोक पडलंय तिला."

"त्यांच्या गाडीचं त्यांना ठाऊक नाही," कामशात म्हणाली. "तुम्हाला निदान ठाऊक तरी आहे."

गावात दुसरं वाहन उरलं नव्हतं. त्याने कोठीतून जहाजाची जुनी साखळी आणली. भोक होतं तिथे कमानपाटा आणि चासी मिळून तीन वेढे दिले, पहारीने पीळ घातला, वरून तार आवळली. पिळाचा आवाज झाला की तो थांबून कान द्यायचा. किती धरेल? घरापासून फाटकापर्यंतचं त्याला सांगता आलं असतं, पुढचं नाही.

गावापासून डांबरी रस्ता सेहेचाळीस किलोमीटर. तिथवर पांढरी सपाट जमीन, चाकोऱ्या आणि खड्डे. या पट्ट्यात बाल्झान ताशी तीसच्या वर जाणार नाही, हे त्याला माहीत होतं. गाडीत उल्मेकेन आपा होती, सत्त्याऐंशी वर्षांची. तिला मळमळायचं आणि दर घटकेला ती गाडी थांबवायला लावायची. पण डांबरी रस्ता लागला की बाल्झान नव्वदीला नेते. नव्वदीवर पाटा सुटून पुढचं चाक मागे सरकलं तर समोरून येणारा ट्रक चुकवायला वेळ नाही. त्याच्या आत तिला गाठायचं, आणि आपली गाडी मोडू न देता गाठायचं. जोरात गेलं तर ही मोडणार, हळू गेलं तर ती निसटणार.

त्याने ताशी चाळीसचा वेग धरला. प्रत्येक खड्ड्याला साखळी खालून खणकन वाजायची आणि तो पुढच्या आवाजाची वाट बघायचा. स्टिअरिंग जरा डावीकडे ओढू लागलं. सुरुवातीपासून ओढत होतं की आत्ता? आठवेना. बोटं इतकी घट्ट आवळली होती की अंगठे बधिर झाले. डोळ्यांसमोर सारखी एकच गोष्ट येत होती: हातोडी, बद्द आवाज, आणि आपण पुढच्या जागेकडे सरकलो ते. तेव्हा सरकताना तो काहीतरी गुणगुणतही होता.

वाटेवरच्या पीरबाबाच्या कबरीपाशी त्या थांबल्या असतील, असा भरवसा त्याने धरून ठेवला होता. तिथे हात उचलून दुवा केल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. तो पोचला तर कबरीपाशी कोणी नव्हतं. जमिनीवर चहाचा चोथा पडला होता. त्याने उतरून बोट लावलं. कोमट होता. त्याला हायसं वाटलं. आणि लगेच पुढचा विचार आला, की इथून डांबरी रस्ता फक्त अकरा किलोमीटर आहे.

मग त्याने काटा पन्नासवर नेला. तारेचा एक वेढा तुटल्याचा आवाज त्याने ऐकला. पाय मात्र उचलला नाही.

गाडी दिसली ती रस्त्याच्या अलीकडे, दोन किलोमीटरवर. उभी होती. पलीकडे डांबरी रस्त्यावरून ट्रक जाताना काळ्या मुंग्यांसारखे दिसत होते. उल्मेकेन आपा गाडीच्या सावलीत खोकत बसली होती आणि बाल्झान तिची पाठ चोळत होती. बाकीच्या चौघी, सगळ्या शेजारणी, नव्या कपड्यांना मीठ लागू नये म्हणून झग्यांची टोकं उचलून धरून उभ्या होत्या.

ओरिनबाय उतरला.

"काय आगा," बाल्झान हसत म्हणाली, "शेवटी आलात का नाचायला? कपडे तरी बदलायचे."

"गाडी पुढे नेऊ नकोस, पोरी."

"का?"

"खालून गेलीय ती. उजवा पाटा."

तिचं हसू जागेवरच राहिलं. "तुम्हीच तर केलीत. नव्यासारखी झाली म्हणालात."

"खोटं बोललो."

उल्मेकेन आपाचा खोकला थांबला. बाल्झानने पेटीतून पेचकस काढला, स्कार्फ घट्ट बांधला आणि लग्नाच्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरली. तोही शिरला. दोघं शेजारी शेजारी पाठीवर पडले. त्याने जागा दाखवली. डांबर काळंभोर, गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही. क्षणभर त्याला वाटलं, आपणच उगाच घाबरलो. तिने पेचकस लावला आणि दाबला. तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. लाल पाण्याची एक धार तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरली.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"शरदात. ठोकलं तेव्हा."

ती छताकडे बघावं तशी चासीकडे बघत राहिली. "माझ्या पोरी रोज यातूनच शाळेत जातात," ती हळू म्हणाली. "थंडीभर."

तो तिच्या श्वासाचा आवाज ऐकत पडून राहिला, आणि त्याला पहिल्यांदा गाडीपेक्षा तिची भीती वाटली.

गाडी चाकोरीच्या मधोमध उभी होती. मागून येणाऱ्याला वाट नव्हती. बाल्झान म्हणाली, कडेला घेते. तो म्हणाला मी घेतो. ती म्हणाली, "तुम्ही हात लावू नका." सगळ्या बायका वीस पावलं मागे सरल्या. तिने इंजिन सुरू केलं, स्टिअरिंग उजवीकडे वळवलं आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने हलली.

एक हात, दोन हात. मग लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. उजवं चाक मागे वळलं आणि गाडी गुडघा टेकावा तशी पुढे कोसळली. नाक जमिनीत रुतलं, पांढरी धूळ उडाली.

ओरिनबाय धावला. धूळ बसायच्या आत त्याने दार उघडलं. बाल्झान दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती. कपाळावर खरचटलं होतं, बाकी काही नाही. पण ती हात सोडेना. त्याने बोटं एकेक करून सोडवली. ती बर्फासारखी गार होती.

"चालत्या माणसाच्या वेगाला मोडली," ती म्हणाली. एवढंच.

मग उल्मेकेन आपा काठी टेकत आली. मोडलेल्या चाकाकडे बघितलं, मग ओरिनबायकडे. "मेल्या," ती म्हणाली, "मला ओकारी झाली नसती तर आम्ही सहाही जणी आज मातीत होतो. तुझ्या डांबरापेक्षा माझं पोट इमानी." कुणीतरी हसलं आणि लगेच रडू लागलं. आपाने त्याच्या खांद्यावर आहेराचं गाठोडं टाकलं. "चल. रस्त्यापर्यंत ओझी तू वाहायचीस."

दोन किलोमीटर ते चालले. आपाला त्याने पाठुंगळी घेतलं, गाठोडी बायकांनी परत वाटून घेतली. रस्त्यावर अराल गावची बस मिळाली. बसमध्ये चढताना बाल्झानने मागे बघितलं नाही. ओरिनबायने रस्त्यावरून शेजारच्या गावात ट्रॅक्टरसाठी फोन केला, परत आला आणि दोन मोडक्या गाड्यांच्या मध्ये मिठावर बसला.

ट्रॅक्टरने दोन्ही गाड्या गावात ओढून आणल्या. स्वतःच्या गाडीला त्याने हात लावला नाही. बाल्झानची गाडी त्याने ठोकळ्यांवर चढवली आणि पूर्ण उघडी केली. डांबराचा कण न कण खरवडला. ब्रश फिरवून फिरवून चासी चांदीसारखी दिसायला लागली. गोड्या पाण्याच्या चार टाक्या ओतून धुतली, सुकवली, पोकळ भागांना मिठाचं पाणी वाहून जायला छिद्रं पाडली. कुजलेलं कापून टाकलं आणि जहाजाच्या जुन्या पत्र्याचे तुकडे जोडले. बाल्झान रोज संध्याकाळी यायची. बोलायची नाही. हातोडी घेऊन आत शिरायची आणि वीतभर वीतभर ठोकत जायची, कान लावून. पाचव्या दिवशी मागच्या डाव्या कोपऱ्यात तिने पुन्हा ठोकलं, परत एकदा ठोकलं. तो धावत खाली गेला. "हे बरोबर आहे," ती म्हणाली. "मी नुसतं ऐकत होते."

लाल ऑक्साइडचे दोन हात झाल्यावर तिने विचारलं, डांबर कधी. तो म्हणाला, तू सांगशील तेव्हा. तिने आणखी तीन दिवस थांबवलं.

पहिल्या फेरीला माणसं भरली तेव्हा तिने पुढचं दार उघडलं आणि ओरिनबायला खूण केली. "बसा."

"मला अरालला काम नाही, पोरी."

"बसा म्हणते ना."

तो बसला. मिठाच्या पट्टीवर त्याने दोन्ही पाय फळीला रेटून धरले. डांबरी रस्त्यावर तिने काटा नव्वदीला नेला. समोरून ट्रक येत होते. प्रत्येक ट्रकला तो डोळे मिटून घ्यायचा आणि खालचा आवाज ऐकायचा. बाल्झान त्याच्याकडे न बघता गाडी चालवत राहिली, थेट बाजारापर्यंत.

माणसं उतरली. तिने इंजिन बंद केलं. त्याच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती.

"चार वाजता परत निघायचं," बाल्झान म्हणाली. "उद्या सकाळी साडेसातला शाळेची फेरी आहे. पुढची जागा तुमचीच."

"किती दिवस?"

तिने किल्ली काढली, विचार केला. "मला भीती वाटायची थांबेपर्यंत," ती म्हणाली आणि चहाच्या टपरीकडे चालू लागली. चार पावलं गेल्यावर मागे वळून तिने विचारलं, "दूध घालून घेणार ना, आगा?"