लखनच्या आईनं आणलेला खुळखुळा

भीमपूरहून भावाचा फोन आला तेव्हा सुनयना दुकानात घागरी पुसत बसली होती. आदिलाबादच्या बाजारात तिच्या नवऱ्याचं, केशवरावांचं, भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं घर.

"अक्का, पोरगी झाली," अमरदीप म्हणाला आणि थांबला. "डॉक्टर म्हणून राह्यले का लेकरू साधं नाई. डाउन सिंड्रोम म्हणते. रक्त तपासाले पाठवलं हाय. पण अक्का, मी तोंड पाह्यलं ना तिचं. आपल्या लखनसारखी दिसते."

सुनयनाने घागर खाली ठेवली. लखनला जाऊन दहा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिच्यासमोर कोणी त्याचं नाव काढलं नव्हतं. आणि त्याला जे होतं त्याला जगात काही नाव आहे, हे तिला आज कळत होतं.

लखन तिचा एकुलता एक मुलगा. तिरपे डोळे, बाहेर येणारी जीभ, कापसाच्या गादीसारखं सैल अंग. तो झाला तेव्हा सगळे म्हणाले, लेकरू कमजोर आहे, पडू द्या, जितके दिवस आहे तितके दिवस. मग तिने त्याला पडू दिलं. चार वर्षं तो मागच्या खोलीत झोळीत पडून राहिला. वेळेवर दूध मिळायचं, कपडे स्वच्छ असायचे. गिऱ्हाईक आलं की ती मधलं दार लावून घ्यायची. चौथ्या पावसाळ्यात निमोनिया झाला आणि तीन दिवसांत तो गेला.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. भावजय रंजीता भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळ सुनयनाच्या आईच्या, देवकाबाईच्या मांडीवर होतं. सुनयनाने हात पुढे केले तशी देवकाबाई हळूच म्हणाली, "तू नको घेऊ, बाई. तुले सोसणार नाई."

सुनयनाने बाळ घेतलं. तेच वजन होतं, हातांवरून ओघळून जाईल असं.

महिनाभराने रिपोर्ट आला आणि डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. हृदयात बारीक छिद्रही होतं, पण ते आपोआप बुजेल, असं डॉक्टर म्हणाले. सरकारी दवाखान्यात अशा लेकरांसाठी एक वेगळी खोली होती, तिथे जायला सांगितलं. अमरदीपची सोयाबीनची मळणी चालू होती, म्हणून रंजीताबरोबर सुनयना गेली.

तिथे व्यायाम शिकवणाऱ्या स्रवंती मॅडम तेलुगू होत्या. सीमेवरच्या बायांशी बोलून बोलून त्यांना मोडकीतोडकी मराठी येत होती. त्यांनी चटईवर बसून बाळाला पालथं घातलं, छातीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला आणि समोर छोटा आरसा धरला. बाळाने मान उचलायचा प्रयत्न केला. मान पडली. मॅडमनी पुन्हा आरसा हलवला.

"असं रोज करायचं. थोडं थोडं, खूप वेळा," त्या म्हणाल्या. "तोंडासमोर तोंड आणून बोलायचं. प, ब, म जास्त बोला. ओठ दिसतात ना, बाळ ओठ बघून शिकते. उशिरा बसेल, उशिरा चालेल, पण बसेल आणि चालेल."

मग त्यांनी बाळाच्या कानाशी एक घंटी वाजवली. बाळ स्तब्ध झालं आणि त्याने घशातून बारीक आवाज काढला.

"बघा, ऐकते. उत्तर देते."

सुनयनाला लखनचा आवाज आठवला. दुकानात भांडी वाजली की तो झोळीतून असाच आवाज काढायचा. गिऱ्हाइकांना त्रास होतो, म्हणून ती उठून दार लावायची. चार वर्षं त्याला वाटत असेल की कोणीतरी हाक मारतंय. तो ओ देत होता आणि ती दार लावत होती.

"मॅडम," तिने विचारलं, "चार वर्षांचं लेकरू असं नुसतं पडून असलं, अन् त्याले हे केलं असतं, तं ते बसलं असतं काय?"

मॅडमना वाटलं ती या बाळाच्या पुढच्या काळजीने विचारते आहे. त्या हसून म्हणाल्या, "चार वर्षांचं? अम्मा, चार वर्षांत तर पळतात."

बाहेर आल्यावर सुनयना म्हणाली, लांबलेल्या बारशासाठी काही घेऊन जाऊ. दोघी खेळण्यांच्या दुकानात शिरल्या. दुकानदाराने सेलवर भुंकणारा कुत्रा काढला, मोठं अस्वल काढलं, चाकांचा वॉकर काढला. वॉकर तर मॅडमनी साफ नको म्हटला होता. सुनयना एकेक खुळखुळा उचलून बाळाच्या मुठीत देऊन बघत होती. हा जड, हा जाड, याची दांडी बोटांत मावत नाही. सहावा का सातवा खुळखुळा पातळ दांडीचा निघाला. बाळाच्या मुठीत तो क्षणभर टिकला. मग तिने न फुटणारा आरसा घेतला आणि एक लाल रबरी चेंडू.

"एवढ्या लहान लेकराले काय समजते, बाई?" दुकानदार म्हणाला.

"समजते," ती म्हणाली.

भीमपूरच्या बसला वेळ होता. स्टँडच्या बाकावर रंजीताने शालीचं टोक बाळाच्या तोंडावर ओढून घेतलं. समोरच्या बाया वाकून बघत होत्या.

"अक्का, माह्याच नशिबी काऊन आलं हे?" रंजीता म्हणाली. तिला एवढंच ठाऊक होतं की नणंदेचा मुलगा तापाने गेला. लग्न होऊन ती या घरात आली त्याच्या कितीतरी आधीची ती गोष्ट.

"माहा लखन असाच होता," सुनयना म्हणाली.

रंजीता तिच्याकडे बघत राहिली. सुनयनाने झोळीचं सांगितलं, दाराचं सांगितलं. रडली नाही. शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

"तुमी त्याले घेऊन कधी बाहेर निंगाल्या नाई काय?"

"एकदा. पोलिओचा डोस पाजाले. तोंडावर पदर टाकून नेला होता."

बस लागली, लोक उठले. चढण्याआधी रंजीताने बाळाच्या तोंडावरची शाल बाजूला केली.

बारशाला गावातल्या बाया आल्या, पण नेहमीपेक्षा कमी. शेजारची चंपाबाई झबलं ठेवून म्हणाली, "लहानच आणलं, अशा लेकरायले मोठं कुठं लागते." देवकाबाईने मान खाली घातली. सुनयनाने चटई अंथरून आरसा, चेंडू आणि खुळखुळा पाळण्याजवळ मांडला.

"आत्यानं एवढंच आणलं?" कोणीतरी विचारलं.

"एवढंच," सुनयना म्हणाली.

नाव भाग्यलक्ष्मी ठेवायचं देवकाबाईने ठरवलं होतं. सुनयना पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात तीनदा म्हणाली, "पूनम." आई रागावली. सुनयनाने तिला बाजूला नेऊन सांगितलं, "माय, भाग्यलक्ष्मी म्हणाले तिले दहा वर्षं लागतीन. पूनम म्हणताना ओठ पाह्य. मिटते अन् उघडते. ते तिले दिसन."

त्यानंतर दर गुरुवारी सुनयना बसने भीमपूरला जाऊ लागली. पूनमला पालथं घालायची, आरसा धरायची, तळहाताला खरखरीत टॉवेल लावायची, ओठ मिटून उघडून तिचं नाव घ्यायची. बाकीचे दिवस रंजीता करायची. काही गुरुवारी काहीच घडायचं नाही. एकदा पूनमने मान धरली आणि पुढच्या आठवड्यात तापाने पुन्हा सैल झाली, तेव्हा रंजीता दिवसभर जेवली नाही. तरी सातव्या महिन्यात मान पक्की झाली.

अकराव्या महिन्यात पूनम बसली. त्या दिवशी केशवरावही आले होते, अमरदीपने मोठं पातेलं मागवलं होतं ते द्यायला. चटईवर रंजीताने हात सोडला आणि पूनम आधाराशिवाय बसून राहिली, डोलत, जीभ बाहेर काढून, लाल चेंडूकडे बघत. देवकाबाईने टाळ्या वाजवल्या. अमरदीप डोळे पुसत बाहेर गेला आणि पुन्हा आत आला, तेव्हा पूनमने त्याच्याकडे दोन्ही हात वर केले.

सुनयना उठून मागच्या अंगणात गेली. थोड्या वेळाने केशवराव आले आणि शेजारी ओट्यावर बसले.

"किती महिन्याची झाली?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

कडेच्या तुरीकडे बघत ते म्हणाले, "तो मले पाहून हात वर करे. सकाळी मी दुकान उघडाले निंगालो का झोळीतून दोनी हात वर करे. रोज."

सुनयनाला हे माहीत नव्हतं. ती तेव्हा चुलीपाशी असायची.

"तुमी कधी सांगतलं नाई मले."

"मले वाटे, उगाच हलवते. मी दुकानात जाओ," केशवराव म्हणाले. "उचलून घे म्हणत होता तो, सुनयना. आताच आत त्या पोट्टीनं तसेच हात केले, तवा समजलं."

आतून रंजीताने हाक मारली, "अक्का, या ना, अजून बसूनच हाय." सुनयनाने तोंडाला पदर लावला, आणि लखन गेला त्या दिवशी जे रडू आलं नव्हतं ते आलं. केशवरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ते तसेच जवळ बसून राहिले.

रंजीता पूनमला कडेवर घेऊन दारात आली. दोघांकडे बघून ती थांबली. मग पूनमला मांडीवर घेऊन उंबऱ्यावरच बसली.