जेवणाआधीचा गठ्ठा

भाऊजींना पोलिसांनी उचलून नेलं त्याला बेचाळीस दिवस झाले होते. घड्याळं दुरुस्त करणारा साधा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कारण कोणी सांगेना. सकाळीच ताई माझ्याकडे आली, चहाला हातही लावला नाही.

"तू आमदार ना रे? मग विचार की सरकारला!"

विचारलं. गृहखात्याचे सचिव म्हणाले, "चौकशीशिवाय आत ठेवायचा अधिकार सभागृहानंच दिलाय, साहेब. उद्या त्या अधिकाराची मुदत संपतेय. वाढवणार तुम्हीच." मंत्र्यांना गाठलं, तर ते म्हणाले, "सचिवांना विचारा." माझं डोकंच चालेना. आम्ही दिला? कधी?

जुनी नोंद काढून घेतली. बाजूने हात वर करणाऱ्यांत माझं नाव होतं.

आमच्याकडे एक सोय आहे. जेवणाच्या सुट्टीआधी उरलेले विषय एका गठ्ठ्यात घेतात. अध्यक्ष नुसते क्रमांक वाचतात. आम्ही एकदाच हात वर करतो, कोपर बाकावर टेकवतो आणि गठ्ठा संपेपर्यंत तसाच ठेवतो. हात खाली आले की जेवण. अकरा वर्षांत या हाताने काय काय देऊन टाकलं असेल, देव जाणे.

संध्याकाळी ताईला हे सांगितलं. वाटलं, रडेल. ती भडकली.

"म्हणजे त्यांना आत टाकलंस तूच, आणि तुला पत्ताही नाही?"

"पक्षाचा आदेश असतो गं..."

"आदेश पाळायला शिपाई आहेत सरकारकडे. तुला निवडून दिलं ते त्याला आवर घालायला!"

दुसऱ्या दिवशी ती प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसली. मुदतवाढ यादीत नवव्या क्रमांकावर होती. गठ्ठा सुरू झाला. एक, दोन, तीन... माझा हात सवयीने वर. पक्षाने हाकलून दिलं तर? आणि नाही केलं काही, तर ताईला तोंड कसं दाखवू? काही सुचेना. नऊ नंबर आला आणि माझा हात खाली आला. ते धाडस होतं की हाताला आलेल्या मुंग्या, मला आजही सांगता येत नाही.

शेजाऱ्याला वाटलं, गठ्ठा संपला. त्यानेही हात घेतला. मग रांगच्या रांग. काही जण तर चपला पायात सरकवून उभेही राहिले.

मोजणारा कारकून पार गोंधळला. "नऊ नंबरला... बाजूने कोणीच नाही."

"चुकून झालं," अध्यक्ष म्हणाले. "पुन्हा हात वर करा."

माझा मेला हात आपोआप उठायला लागला. मी तो मांडीखाली दाबून धरला.

"पण नववा विषय आहे तरी काय?" मागून कोणीतरी वैतागून विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मंत्रीही कागद चाळत होते.

मी उभा राहिलो. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. 

"नववा विषय म्हणजे," मी म्हणालो, "माझे भाऊजी."