खालून उघडलेला लखोटा

विजेचं बिल शोधताय? माझ्या पोटात आहे. काढा खुशाल, पण त्याआधी दोन मिनिटं टेका. मी लखोटा बोलतोय. ऐरागैरा नव्हे, समुद्रापलीकडे जाऊन आलेला. या घरात परदेश पाहिलेला मी एकटाच, आणि दुखणं नेमकं तेच आहे.

जन्माने मी दांडेलीच्या जंगलातला बांबू. हत्ती मला टेकून झोपायचे. खोटं वाटत असेल तर हत्तींना विचारा. पुढे गिरणीत माझा लगदा झाला, लगद्याचा कागद झाला, आणि खाकी लखोटा होऊन मी बेंगळुरूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कचेरीत येऊन पडलो. कपाटात एकोणीस वर्षं काढली. वरचे भाऊ एकेक करून अमेरिकेला गेले, जर्मनीला गेले. मी गठ्ठ्याच्या तळाशी. तिथे करायला काही नसतं, त्यामुळे मला गप्पांची वाईट खोड लागली.

माझं नशीब उघडलं ते कावेरीमुळे. कावेरी म्हणजे बेंगळुरूच्याच पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत लेथ चालवणाऱ्या मल्लाप्पांची मुलगी. घर मूळचं निपाणीकडचं. घरात मराठी, गल्लीत कन्नड. कॅनडातल्या एका विद्यापीठाने तिला प्रवेश देऊ केला होता, पण एक अट घालून. आठही सेमिस्टरच्या गुणपत्रिका कॉलेजने स्वतः सीलबंद केलेल्या हव्यात आणि पंधरा तारखेच्या आत पोचायला हव्यात. पाकिटाला कुणाचा हात लागला असं दिसलं, की प्रवेश रद्द.

कचेरीत बिंदुमाधव नावाचे कारकून होते. "नाळे बा," म्हणजे उद्या ये, हे ते इतक्या प्रेमाने म्हणायचे की पोरांना आमंत्रणच वाटायचं. कावेरी सात वेळा आली. कधी प्रिंटर रुसलेला, कधी सहीवाले साहेब लग्नाला गेलेले. आठव्या वेळी त्यांनी मला बाहेर काढलं, माझ्यात गुणपत्रिका घातल्या, तोंड चिकटवलं आणि त्यावर आडव्या सह्या व गोल शिक्का असा मारला की अर्धा झाकणावर, अर्धा अंगावर. बढती मिळालेल्या हवालदारासारखी माझी छाती फुगली.

घरी आल्यावर कावेरीने मला देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि बजावलं, "अप्पा, आई, याला हात लावायचा नाही. उद्या कुरिअरवाला येईल." दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी ती पत्त्याची चिठ्ठी छापायला जयनगरला गेली, आणि मल्लाप्पांनी साबणाने दोनदा हात धुतले.

कावेरीची आई, महानंदाबाई, पोळ्या लाटत होत्या. त्यांनी वळून बघितलं आणि लाटणं थांबलं. "ती नको म्हणून गेलीय न्हवं?"

"सील वर हाय. सीलाला कोण हात लावतंय?" मल्लाप्पांनी मला कुकरच्या वाफेवर धरलं, उलटं. "तीस वरसं झाली. तपासल्याबगर एक बोल्ट मी गेटाभायेर सोडला न्हाई. आता पोरीचं आयुष्य तसंच सोडू?"

कारागीर माणूस. पोलादी पट्टीने त्यांनी माझी खालची शिवण अशी सोडवली की मला गुदगुल्यासुद्धा झाल्या नाहीत. आठ कागद मोजले. नाव बघितलं, वडिलांचं नाव बघितलं, गुण एकेक बोटाने वाचले. पहिल्या वर्षाच्या कागदावर बोट थांबलं आणि मिशीत हसू आलं.

महानंदाबाई कुंकवाची डबी घेऊन आल्या. या घरात नवी वही असो की गॅसचं सिलिंडर, कुंकू लागल्याशिवाय कामाला जुंपत नाहीत. "आता उघडलंयच तर," असं पुटपुटत त्यांनी पहिल्या कागदाच्या कोपऱ्यावर बोट टेकलं. मल्लाप्पांनी शिवण पुन्हा चिकटवली आणि वर जाड डिक्शनरी ठेवली. देवाशपथ सांगतो, कारखान्यातलं भिंगही ती फट शोधू शकलं नसतं.

कॅनडात भिंग लागलंच नाही. तिथल्या बाईंनी मला वरून पातीने कापलं, कागद काढले, आणि त्यांच्या पांढऱ्या बोटाला लाल लागलं. त्यांनी बोट बघितलं, मला उलटं करून बघितलं, खालच्या शिवणीवर नख फिरवलं. ताजा गोंद. मला ओरडून सांगायचं होतं की बाई, हा आशीर्वाद आहे. पण सीलबंद करताना आमचं तोंड आधी बंद करतात. पाकिटाशी छेडछाड झाल्यामुळे प्रवेश रद्द, असं दोन ओळींचं पत्र लिहून त्यांनी मला परत धाडलं.

कावेरीने पत्र वाचलं, माझा वरचा शिक्का न्याहाळला आणि थेट कॉलेज गाठलं. बिंदुमाधव स्वतःच्या पोरांच्या शपथा घेत होते. तिने लेखी तक्रार दिली. संध्याकाळी जेवताना ती धुमसत म्हणाली की त्या माणसानेच काहीतरी केलंय.

"कचेरीतली माणसं तसलीच," मल्लाप्पा ताटाकडे बघत म्हणाले. महानंदाबाई आमटी वाढायच्या थांबल्या, मग पुन्हा वाढू लागल्या. मी पुष्कळ थापा ऐकल्यात, चार मारल्याही आहेत. इतकी स्वस्त थाप मात्र कधी ऐकली नव्हती.

महिनाभर कावेरी नीट जेवली नाही. बापाला ते बघवेना. एके दिवशी भात कालवता कालवता ते तिला समजावू लागले, "जाऊ दे गं. लेथमध्ये एक्केचाळीस पडले, तरी बोलावलंच हुतं न्हवं त्यांनी?"

कावेरीचा घास हातातच राहिला. लेथ हा बापाचा विषय. म्हणून चार वर्षं तिने घरात एकाहत्तर सांगितले होते. एक्केचाळीस फक्त माझ्या पोटात होते.

ती उठली, हात धुतले, मला कपाटातून काढलं आणि खालच्या शिवणीवर अंगठा फिरवला. मल्लाप्पा भातात बोटं घालून बसून होते. मग तिने टेबलावरचं विजेचं बिल उचललं आणि माझ्यात सारलं. तेव्हापासून माझी ही नोकरी.

तक्रार तिने मागे घेतली. त्या तक्रारीपायी अडलेली बिंदुमाधवांची बढती मात्र परत आली नाही. वर्षाने ती नव्या लखोट्यासाठी गेली, तेव्हा त्यांनी त्याच्या चारही शिवणींवर शिक्के मारले आणि विचारलं, "कुणी उघडलं होतं गं?"

"घरात उंदीर आहेत, सर," ती म्हणाली, आणि तो लखोटा तिने कचेरीच्या दारातूनच कुरिअरवाल्याकडे दिला.

हे तिनेच येऊन घरी सांगितलं. उंदरांचं फक्त आईच्या कानात, पण घर दोन खोल्यांचं. मल्लाप्पा त्या दिवशी रजा काढून बसले होते. हात धुतलेले, पट्टी खिशात.

"पाकीट आणलं न्हाईस?"

"परस्पर पाठवलं, अप्पा."

"सरी," ते म्हणाले. बरं म्हणायला पीण्यात हाच शब्द आहे. मग ते मोरीत गेले आणि धुतलेले हात पुन्हा धुऊ लागले. बराच वेळ नळ चालू होता.

ती आता कॅनडात आहे. दर रविवारी फोन येतो. हवेची चौकशी होते, औषधांची होते. त्यापुढे बाप-लेक दोघंही जात नाहीत.

तर घ्या तुमचं बिल. फक्त एवढं करा, वरच्या बाजूने काढा. खालची शिवण मल्लाप्पांनी फार मन लावून चिकटवलीय. ती अजून सुटलेली नाही.