अर्ध्या पेडलवर

काटा पुन्हा पडला.

बोटाच्या टोकानं इंजिनाच्या काळ्या डब्यातली ती पातळ झडप हळूहळू आत ढकलत नेताना मीटरचा काटा कसा शहाण्यासारखा चढत होता — आणि मध्यावर, नेमका त्याच ठिकाणी, एकदम शून्याकडे कोसळला, आणि पुढच्याच क्षणी, काही झालंच नाही अशा थाटात, वर येऊन उभा राहिला. कानेंगनं झडप सोडली. पुन्हा ढकलली. चौथी खेप. आपलं बोट तर थरथरत नाही ना? नव्हतं. हरमाटनच्या कोरड्या वाऱ्यानं बोटं फुटली होती, नखांच्या कडांना रक्त सुकलं होतं, पण थरथर नव्हती. थरथर… ती दुसऱ्याच्या हाताची.

तो विचार तिनं तिथंच दाबला.

पत्र्याच्या छपराखालच्या बाकावर दाल्योप मास्तर टोपी मांडीवर घेऊन सकाळपासून बसले होते. बुकुरूच्या शाळेत तीस वर्षं हेडमास्तर होते. अर्ध्या गावानं त्यांच्या हातचा मार खाल्ला होता, तिनंही. गाडी दारात लावून ते एवढंच म्हणाले होते, "जरा अडखळते. बघ." तिनं म्हटलं होतं, "मास्तर, तुम्ही घरी जा, मी निरोप धाडते." तर म्हणाले, "घरी काय आहे? बसतो."

घरी बायको होती. ऑगस्टपासून एक पाय न वाकणारी बायको. 

गाडी जर्मन, पंचवीस वर्षांची, पण मास्तरांनी पोरीसारखी जपलेली. अपघातानंतर पत्रा ठोकून रंग दिला होता, तरी डावा दरवाजा अजून कुरकुरायचा. उभी असताना इंजिन सरळ चालत होतं. पेडल हळूहळू दाबत गेलं की अर्ध्यावर… हिसका, घुसमट, जणू कुणी गळा धरला, आणि मग एकदम झेप. सकाळपासून तिनं एकेक शक्यता खोडत आणली होती. हवेचे पाइप साबणाचं पाणी लावून पाहिले, कुठं बुडबुडा नाही. पेट्रोलचा दाब ठरल्याप्रमाणे. ठिणगी निळी, कडक. प्रत्येक गोष्ट निर्दोष ठरत गेली तसतशी ती पुढची गोष्ट तपासायला जास्त वेळ लावू लागली. कारण आता एकच उरलं होतं… हा काळा डबा. इंजिन किती हवा ओढतंय ते मोजायचं आणि तेवढंच पेट्रोल सोडायला सांगायचं, एवढंच याचं काम. आत एक बारीक दांडी काळ्या पट्टीवर सरकते. ती मध्येच उचलली गेली, की इंजिनाला वाटतं हवाच नाही. पेट्रोल तुटतं. अर्धा क्षण.

अर्ध्या क्षणात समोरून येणारा ट्रक किती पुढं सरकतो?

"काय मॅडम," पलीकडच्या गॅरेजातून हबु ओरडला, "इंजेक्शनवाल्या गाड्यांचे डॉक्टर घरी बसलेत, नर्सबाईंनी नुसती नाडी धरून किती वेळ बसायचं?"

"तुझीही धरते, ये," ती म्हणाली. "बंद पडली असेल तर आनंदच आहे."

हबु हसला. मास्तर हसले नाहीत.

डॉक्टर म्हणजे चोल्लोम, तिचा नवरा. ऑगस्टच्या तापानंतर त्याचे हात कापायला लागले, असं तो सांगतो. 'तापानं नसा गेल्या.' येणाऱ्याजाणाऱ्याला हेच. तीही हेच सांगते. खुर्चीत बसून तो बाजरीच्या पेजेची, कुनूची वाटी दोन्ही हातांनी धरतो, निम्मी अंगावर सांडते, आणि ती संध्याकाळी परतली की पहिला प्रश्न… "काय निघालं आज?" मग ती सांगते, आणि तो म्हणतो, "मला ठाऊकच होतं." रोज. रोज तो जिंकेल असंच ती सांगते.

तिनं पातं घेतलं. डब्याच्या झाकणाच्या कडेला लावलं, आणि थांबली.

कारखान्यात बसवलेलं झाकण असं नसतं. कडेनं पांढऱ्या गोंदाची रेघ होती, हातानं ओढलेली, शेवटी अंगठ्यानं दाबून बंद केलेली. हा अंगठा तिच्या ओळखीचा होता. पंचवीस वर्षं ओळखीचा. आणि ती रेघ… सरळ निघाली होती, कोपऱ्यावर मात्र अशी वेडीवाकडी झाली होती, जणू शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेली.

ईस्टरचा आठवडा. ऑगस्टच्या चार महिने आधी. हीच गाडी, हाच डबा. पट्टी झिजली होती म्हणून चोल्लोमनं आतली दांडी जरा वाकवून न झिजलेल्या जागेवर आणली. उपाय बरोबर होता, त्याच्याइतका बरोबर उपाय सगळ्या जोस शहरात कुणाला सुचला नसता. आणि त्याचं मनगट डब्याच्या कडेवर आपटत होतं — टिक, टिक, टिक — त्यानं डाव्या हातानं उजवा धरला आणि खेकसला, "उजेड नीट धर!"

दिवा माझ्या हातात होता, कानेंगला आठवलं. मी पाहिलं. मग मी दिवा जरा बाजूला केला… त्याला दिसू नये म्हणून नव्हे, मला दिसू नये म्हणून. बाईनं नवऱ्याच्या हाताकडे असं टक लावून बघू नये, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं असेल. किंवा काहीच सांगितलं नसेल. नुसती मान वळवली.

पातं आत गेलं. झाकण निघालं. दांडी मध्यावर पट्टीपासून सुटली होती. फट केसाएवढी.

अपघाताच्या दिवशी बारकिन लादीच्या रस्त्यावर, रताळ्यांच्या लॉरीला मागं टाकताना मास्तरांचा मुलगा दाचुंग गाडी चालवत होता, शेजारी आई. नंतर दवाखान्यात तो भेटेल त्याला सांगत होता, "मी पेडल दाबलं हो, गाडीनं दम टाकला!" आणि मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "गाडी दम टाकत नाही. माणसं दारू पितात." फळं घेऊन गेलेला चोल्लोम पलंगाशी उभा होता. ती त्याच्यामागे. तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "मास्तर, इंजिन मी स्वतः केलंय. त्यात काही नाही." तो हात छातीवर ठेवला होता, की दाबून धरला होता?

त्याच आठवड्यात दाचुंग मकुर्डीला निघून गेला. मास्तरांच्या घरात त्याचं नाव निघत नाही.

चिमट्यानं दांडी जरा दाबायची. पाच मिनिटं. नवा गोंद, सरळ रेघ, आणि…

सावली पडली. मास्तर उठून तिच्या पाठीशी आले होते.

"सापडलं?"

"सापडलं, मास्तर."

ते वाकून त्या फटीकडे पाहत राहिले.  मग अगदी हळू, शाळेत कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "अपघाताच्या धक्क्यानं झालं असेल हे. नाही का? धक्का केवढा मोठा होता."

त्यांनीच वाट करून दिली होती. नुसती मान हलवायची होती. कुणी खोटं ठरत नव्हतं, म्हणजे जो ठरायचा तो आधीच ठरला होता, मकुर्डीत होता, त्याला सवय झाली असेल. आणि घरी खुर्चीत बसलेल्या माणसाकडे उरलंय तरी काय? एवढं एक नावच ना?

"नाही," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. "आधीपासून होतं. ईस्टरपासून."

"ईस्टरला तर चोल्लोमनं…"

"त्यानंच केलं. त्याचा हात तेव्हाही कापत होता. दिवा मी धरला होता, मास्तर. मी पाहिलं आणि बोलले नाही."

मास्तर ओरडतील असं तिला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

"पोरानं चार वेळा फोन केला होता," ते म्हणाले. "मी उचलला नाही." आणि मग, "हे झाकू नकोस. असंच उघडं राहू दे. त्याला दाखवायचंय… आला तर."

ते पायीच निघाले, निवडुंगाच्या कुंपणाकडेनं. पाठ एकदम म्हाताऱ्याची.

म्हणजे उद्या हबु पाहील. परवा सगळे पाहतील. ती वेडीवाकडी रेघ बुकुरूत घरोघरी जाईल. सूर्य खडकांमागे कलत होता, हत्यारं आवरायची होती, आणि घरी गेल्या गेल्या तो विचारणार होता, काय निघालं आज. एरव्ही या वेळेला तिच्या मनात उत्तर तयार असे, त्याच्या मापाचं बेतलेलं. आज तिथं काहीच नव्हतं. भीती होती, भरपूर होती. पण इतके महिने आपण ज्या भीतीला काळजी म्हणत आलो, माया म्हणत आलो, ती हीच होती हे कळल्यावर ती ओझ्यासारखी वाटेना. त्याच्या हाताला आज रात्री हात लावावा, नीट, लपवू न देता, असं कितीतरी दिवसांनी तिला वाटलं… आणि तो लावू देईल की नाही, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.