फितीची तब्येत

सोनाजीच्या दुकानात रेडिओ दुरुस्तीचं सर्टिफिकेट काचेत लावलेलं होतं. इस्माईलकडे सर्टिफिकेट नव्हतं. हिंगोलीच्या एकाच रस्त्यावर दोघांची दुकानं, मध्ये चाळीस पावलांचं अंतर. सोनाजीनं नीट केलेला रेडिओ घेऊन गिऱ्हाईक सरळ घरी जात नसे. आधी इस्माईलपुढे ठेवी. हे सोनाजीला आपल्या पायरीवरून दिसायचं. इस्माईल रेडिओ उघडायचा नाही. कान लावायचा, मागच्या पुठ्ठ्यावर तळहात टेकवायचा आणि म्हणायचा, "बराबर है. ले जाओ." तेव्हा कुठं गिऱ्हाईकाच्या जिवात जीव यायचा.

मागच्या दिवाळीत इस्माईल सोनाजीच्या घरावरून जाता जाता थांबला. आत रेडिओ चालू होता. "सोनाजीभाऊ, आठ रोज. फिर व्हॉल्व जाएगा," एवढं बोलून पुढे गेला. व्हॉल्व नवव्या दिवशी गेला.

"एका दिवसानं चुकला," सोनाजी बायकोला म्हणाला.

"तुमाला तर गेल्यावर कळलं," जनकाबाई म्हणाली.

१९७४च्या एप्रिलमध्ये, जयंतीला दहा दिवस असताना, शिरड शहापूरच्या सोजराबाईनं फडक्यात बांधलेलं टेपच्या फितीचं एक स्पूल सोनाजीपुढे ठेवलं. तिचा नवरा भिवाजी जलशात गायचा. १९५९ साली दौऱ्यावर आलेल्या कुठल्याशा साहेबानं त्याची नऊ गाणी टेपवर घेतली आणि स्पूल त्यालाच देऊन टाकलं. दोन वर्षांनी भिवाजी वारला. आठ गाणी गावात पाठ होती. नववं त्यानं त्याच सकाळी रचलं आणि एकदाच, यंत्रापुढे, म्हटलं. त्याला लिहिता येत नव्हतं. सोजराबाई तेव्हा कामावर होती. पुढे एका मास्तरांच्या घरी तिनं ते दोनदा ऐकलं, त्यालाही दहा वर्षं झाली. चाल आठवत होती, शब्द गेले होते.

"तेवढं नववं लिहून पाहिजे बाबा," ती म्हणाली. "पोरी विहारात म्हणणार हायेत."

सोनाजीनं आपल्या नव्या मशीनवर फीत चढवली. दोन गाणी झाली आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. व्होल्टेज पडलं, आवाज घोगरा झाला. त्यानं मशीन बंद केलं.

"ठणठणीत हाय, मावशी. रविवारी गिरणी बंद असते. तवा या, लिहून घेऊ."

सोजराबाई निघाली आणि चाळीस पावलांवर थांबली. सोनाजी पायरीवर उभा राहून बघत होता. इस्माईलनं स्पूल नाकाशी नेलं. मग वीतभर फीत उलगडून पांढऱ्या चिंधीनं पुसली, चिंधी उजेडात धरली. एकदाही फीत न वाजवता तो तिच्याशी बराच वेळ बोलला.

ती परत आली. "इस्माईलभाई म्हणत्यात, फितीची तब्येत बरी न्हाई. शिरक्यावानी वास येतो, वरचा रंग चिंधीला लागतो. एकदाच वाजंल, फार तर दोनदा. तुमच्या मशीनवर वाजवायची, त्यांच्या मशीननं उतरून घ्यायची, मंग नकलेवरून पाहिजे तितक्यांदा लिहा. रविवारी सकाळी ते मशीन घेऊन इथं येतात. तवर लावू नका म्हणले."

"त्यांनी वाजवून पाहिली काय?"

"न्हाई."

"मंग कसं कळलं?"

"मला काय ठाव, बाबा." स्पूल त्याच्याच दुकानात ठेवून ती बस गाठायला गेली.

शुक्रवारी दुपारी एक ते दोन गिरणीवाला जेवायला जातो. एक वाजून पाच मिनिटांनी सोनाजीनं फीत लावली. नऊच्या नऊ गाणी वाजली. मशीनवरच्या, आवाजाचं माप दाखवणाऱ्या काट्यावर त्याची नजर होती. काटा कुठं पडला नाही, आवाज कुठं तुटला नाही. मरायला टेकलेली फीत अशी वाजत नाही, हे त्याला या रस्त्याला दाखवायचं होतं.

साक्षीदार हवा होता. त्यानं समोरच्या चहावाल्या हिरासिंगला बोलावलं आणि फीत गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून लावली.

"ऐक. ही म्हणे दोन दिवसांची पाहुणी."

"आवाज तर खडा हाय," हिरासिंग म्हणाला. सातव्या गाण्यात त्यानं मान वळवली. "हे चूं-चूं काय?"

"मोटारीचं हाय."

"फितीचं वाटतं."

"तू चहा कर."

हिरासिंग नववं गाणं संपेपर्यंत थांबला, मग उठला.

शनिवारी सोनाजीनं एकट्यानं ती तिसऱ्यांदा लावली. या वेळी आवाज पडद्याआडून यावा तसा येत होता. त्यानं ट्रेबलची, म्हणजे तीव्र स्वराची, खुंटी दोन खुणा पुढे केली. गाणं पुन्हा उजळलं. फीत ज्याला घासून जाते ते मशीनचं हेड कापसानं पुसलं तर कापूस विटकरी झाला. हे कशाचं लक्षण आहे ते त्याला परीक्षेत आलं होतं. त्यानं बरोबर लिहिलं होतं. फीत वाजते ती तिच्यावरच्या विटकरी भुकटीमुळे, आणि भुकटी गेली की गाणं गेलं. त्यानं कापूस नालीत टाकला. त्या वेळी त्याला सोजराबाई आठवली नाही. इस्माईलचं खरं निघालं, एवढंच डोक्यात होतं.

रविवारी आठ वाजता इस्माईल सायकलच्या कॅरिअरवर आपलं जुनं मशीन बांधून आला. सोजराबाई पहिल्या बसनं आली होती. वायर जोडली, दोन्ही मशीनं एकदम सुरू झाली. सहा गाणी उतरली. सातव्यात फीत किंचाळायला लागली. आठव्यात शब्द कळेनात. नवव्याला भिवाजीनं घसा साफ केला तेवढं ऐकू आलं. पुढे चाळणीत धान्य घोळावं तसा आवाज, आणि फीत तुटली.

इस्माईलनं सोनाजीचं मशीन बंद केलं. हेडवरचं झाकण काढून फितीच्या वाटेतले रूळ कापसानं पुसले. एका वाजवण्यात इतकी भुकटी निघत नाही. त्यानं पुढे सरकलेली खुंटी पाहिली, मग एकदा सोनाजीकडे पाहिलं. कापूस मुठीत दाबून खिशात घातला.

"माय, फीत की उमर हो गई थी," तो म्हणाला. "किसी की गलती नहीं."

सोजराबाईनं मान हलवली आणि स्पूल फडक्यात बांधायला घेतलं.

सोनाजीला पुढचं सगळं दिसलं. उद्या रस्ता म्हणणार, इस्माईलभाईनं आधीच सांगितलं होतं. आणि इस्माईल चाळीस पावलांवर बसून गप्प राहणार; रोज, नजर पडेल तेव्हा, आपल्यावर मेहरबानी करणार. इस्माईलचं खरं ठरणं एक वेळ चाललं असतं. ही मेहरबानी त्याला सोसेना.

"उमर न्हाई झाली," तो म्हणाला. "मी लावली. तीनदा."

"रहने दो, सोनाजीभाऊ."

"काहून रहने दो? तुमची मेहरबानी नको मला!"

सोजराबाईचे हात थांबले. "पुरी लावली? नववं बी?"

"व्हय."

"तीनदा ऐकलं?"

"व्हय."

ती खाली जमिनीवर बसली. "मंग सांग. काय म्हणत व्हते ते?"

सोनाजीनं तोंड उघडलं. नवव्या गाण्यात काटा दोनदा लाल रेषेला लागतो, हे त्याला आठवत होतं. दुसऱ्या कडव्याआधी खरखर येते, तेही. शब्द एकही नव्हता.

"तीनदा ऐकलं, अन् एक बोल न्हाई?" सोजराबाई म्हणाली. "कान कुठं ठिवले व्हते रे?"

"और कौन था?" इस्माईलनं विचारलं.

सोनाजीनं समोर बोट केलं. हिरासिंग हात पुसत आला. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, चाल गुणगुणली, अडखळला, परत मागून सुरुवात केली आणि एक ओळ म्हणाला:

"तळ्याचं पाणी ओंजळीत आलं, त्यानं माझं नाव न्हाई इचारलं."

"परत म्हण," सोजराबाई म्हणाली.

तो परत म्हणाला. पुढचं त्याला येत नव्हतं. इस्माईलनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर ओळ लिहून घेतली. सोजराबाईनं ती हिरासिंगकडून पाच वेळा म्हणवून घेतली, पाचव्या वेळी त्याच्या सुरात आपला सूर लावला. सोनाजी बघत होता. हा माणूस एकदाच बसला होता, तेही समोर स्टोव्हवर दूध ठेवून.

"चौदा तारखेला शिरडला या," सोजराबाई उठताना हिरासिंगला म्हणाली. "पोरींना ही ओळ शिकवा." मग इस्माईलला, "तुमी बी या, भाई. नकलेतली सहा गाणी कर्ण्यावर लावू."

सोनाजीला तिनं या म्हटलं नाही. तुटलेल्या फितीची दोन टोकं त्याच्या मशीनवर लोंबत होती. ती तिनं स्वतःच काढली, स्पुलाला गुंडाळली आणि ती बसस्टँडकडे चालू लागली. हिरासिंग तिची पिशवी घेऊन बरोबर गेला.